यशोताईंनी राधाला दिलं तेव्हा

यशोताईंच्या नवऱ्याचा, प्रकाशदादांचा, फोन आला तेव्हा मी जिंतूरहून चारठाण्याला निघालेल्या एसटीत उभी होते. बाजाराचा दिवस, गाडी गच्च भरलेली, एका हातात पिशवी, दुसरा वरच्या दांडीला. फोन काढेपर्यंत तो वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. "बाई, यशोधरा गेली," एवढंच दादा म्हणाले. मागे कुणीतरी रडत होतं. यशोताईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून त्यांना परभणीच्या दवाखान्यात नेलेलं होतं, आणि आदल्या संध्याकाळी डॉक्टर "आता बरं वाटतंय" म्हणाले, त्या भरवशावर मी बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे पोचवायला जिंतूरला आले होते आणि गावी परतत होते. आता मला उलट जायचं होतं, परभणीकडे. पण गाडी गावाबाहेर पडली होती आणि दारापर्यंत पोचायला वाट नव्हती. मी ओरडले तर कंडक्टर म्हणाला, "बाई, मधीच कुठं उतरताव? रानात गाडी तरी भेटंल का?" खरंच होतं त्याचं. चारठाणा येईपर्यंत मी तशीच उभी राहिले. रडूही आलं नाही. चारी बाजूंनी माणसं होती...

यशोताई आमच्या शाळेत लिपिक होत्या. शाळा बारावीपर्यंतची, मी तिथं विज्ञान शिकवते. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा शाळेत बोलायला बाईमाणूस अशा त्याच एक होत्या, कार्यालयाच्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसलेल्या. दाखले देता देता त्या खिडकीतून मुलींचे पाय बघायच्या, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. कोण कसं वळतं, कोण पळताना जमिनीवर किती टेकतं. कॉलेजात असताना त्या स्वतः कबड्डी खेळायच्या आणि पकडीत त्यांच्या हातून कुणी सुटत नसे, असं त्यांच्या बरोबरीच्या बायका सांगतात. लग्नानंतर ते सुटलं. कुणी बंद कर म्हटलं नाही, नुसतं कुणी विचारलं नाही, असं त्या सांगायच्या. मग चाळिशीच्या आसपास एके दिवशी त्यांनी शाळेमागच्या मैदानावर फक्कीनं रेघा मारल्या आणि मुलींना बोलावलं.

मुली येत होत्या, घरं येऊ देत नव्हती. ताई एकेका दारात गेल्या. बौद्धवाड्यात त्यांना ऐकून घेतलं, कारण त्या तिथल्याच. वरच्या आळीत बाहेरच्या ओट्यावर बसवून चहा दिला आणि "बघू" म्हणाले. शेवटी ठरलं ते असं: दिवेलागणीच्या आत पोरी घरी, अंगात पूर्ण पँट, बाहेरगावी गेलं तर सोबत ताई आणि मी. हे सगळं लेखी नव्हतं, पण लेखीपेक्षा पक्कं होतं. आणि एक अट कुणी बोलून दाखवली नाही, ती ताईंनीच ओळखली. सेलूच्या स्पर्धेत पहिला चषक मिळाला तेव्हा ग्रामपंचायतीत तो मांडून ठेवला गेला, आणि जे बाप मैदानाकडे बघत नव्हते ते येऊन कुंपणाला टेकून उभे राहिले. परतताना ताई मला म्हणाल्या, "बाई, आपण जिंकायलोत तोवर हे गप हायेत. ज्या दिवशी हरायला लागू, त्या दिवशी ह्यांना पोरींचं वय आठवंल."

वरच्या आळीतली राधा नववीत असताना संघात आली. अंगानं बारीक, बोलायला अबोल. पण चढाईला गेली की समोरच्या पोरींना ती दिसायचीच नाही. हात लावून मध्यरेषेच्या अलीकडे आली की मग त्यांच्या लक्षात यायचं. तिची सोबतीण मीना, बौद्धवाड्यातली, उजव्या कोपऱ्यात पकडीला. राधा गुण आणायची आणि मीना राखायची. दोघी एकाच बाकावर बसायच्या, एकीच्या डब्यातलं दुसरी खायची. राधा आल्यापासून आम्ही हरणं विसरलो होतो. पुढच्याच वर्षी स्टँडवर तिच्या फोटोचा बॅनर लागला. तिच्या वडलांनी, दत्तरावांनी, तो मोबाईलमध्ये टिपून ठेवला होता आणि येईल त्याला दाखवायचे. त्याच मोबाईलवर तिच्यासाठी स्थळांचे फोटोही यायला लागले होते.

दहावीचा निकाल लागला आणि जिंतूरच्या एका क्रीडा मंडळाचे प्रशिक्षक मोटारसायकलवर आले. बोलणं सरळ होतं. राधा आम्हाला द्या. आमच्याकडून खेळली तर निवड समितीच्या नजरेत येईल, अकरावीला तिथंच प्रवेश, राहायला मुलींचं वसतिगृह. बदल्यात आमच्या पकडीच्या दोन अनुभवी मुली तुमच्याकडून खेळतील, आणि आमची मॅट तुम्हाला. जुनी आहे, पण चांगली आहे. आमच्या गावच्या मुली मातीवर खेळत होत्या. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, आणि मातीवरून एकदम मॅटवर गेलं की पाय फसतात, हे प्रत्येक पालकाला माहीत होतं. गुडघे सोलून घरी आलेल्या पोरींच्या जखमा त्यांनीच धुतल्या होत्या.

त्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. मुख्याध्यापक, पालक, दोन-चार जुनी खेळाडू मंडळी. मुलींना वर्गात बसवलं होतं, पण खिडक्या उघड्या होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, राधा म्हणजे शाळेचं नाव, ते कसं देणार. मीनाची आई रुक्मिणबाई म्हणाल्या, "एक पोरगी जाईल, पण बाकीच्यांना मॅट तरी येईल का न्हाई? माझ्या पोरीच्या गुडघ्याला कातडी ऱ्हायली न्हाई." कुणीतरी टीव्हीवरच्या लिलावाचं उदाहरण दिलं, मोठमोठे खेळाडू संघ बदलतात, त्यात काय एवढं. तेव्हा दत्तराव उठले. "टीव्हीतले गडी हायेत ते. माझी पोरगी काय बैल हाय का, दोन देऊन एक घ्यायला?" आत वर्गात एक बाक सरकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, जाऊ द्यावं तिला. इथं राहून तिचं काय होणार आहे? दत्तरावांनी माझ्याकडे बघितलं नाही. ताई शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी त्यांना विचारलं. त्या रजिस्टर मिटून बसल्या होत्या. "बाई, तुमी म्हणताव ते सोपं हाय. राधा ऱ्हायली तर दत्तराव येत्या उन्हाळ्यात न्हाई तर पुढच्या, तिचं लगीन लावनार. म्हंजे ती गेलीच. आन् राधा गेली तर आपण हरनार. हरलो की बाकीच्या पोरी घरात." मी म्हटलं, राधालाच विचारा ना. त्या कसनुसं हसल्या. त्यांनी आधीच विचारलं होतं. राधा म्हणाली होती, "ताई, तुमी सांगाल तसं." ताई मला म्हणाल्या, "तिनं हो म्हनायला पायजे होतं, न्हाई तर निदान न्हाई तरी. असा बोजा कुनी कुनावर टाकू न्हाई, बाई. पन ती तरी काय करंल? तिला आजवर कुनी काही विचारलंच न्हाई."

पुढचे काही दिवस त्या शाळा सुटली की दत्तरावांच्या रानात जायच्या. कापसात कोळपणीच्या पाळ्या चालू होत्या. दत्तराव काम थांबवायचे नाहीत, ताई बांधावर उभ्या राहून बोलायच्या आणि परत यायच्या. काय बोलल्या ते मला सगळं ठाऊक नाही. एवढं कळलं की शेवटी दत्तराव म्हणाले, "ठीक हाय. शिकू द्या. पन तिथं काय वाकडंतिकडं झालं तर मी जिंतूरला जानार न्हाई, तुमच्या दारात येईन. जिम्मेदारी तुमची." ताई हो म्हणाल्या. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी जिंतूरच्या प्रशिक्षकांना फोन करून सांगितलं: राधा येईल, आमची हरकत नाही, पण तुमच्या मुली नकोत आणि मॅटही नको.

माझा विश्वास बसेना. मी भांडले त्यांच्याशी. निदान मॅट तरी घ्या म्हटलं, ती बाकीच्यांच्या कामाला आली असती. त्या म्हणाल्या, "दत्तराव काय बोलले ते आत पोरींनी ऐकलंय. मॅट आली असती तर रोज संध्याकाळी त्या मॅटवर पाय ठेवताना राधाच आठवली असती सगळ्यांना. माणसाच्या बदल्यात आलेल्या वस्तूवर मी पोरी खेळवू?" हे खरंच होतं. पण रुक्मिणबाईंचंही खरं होतं. त्या शाळेच्या फाटकात येऊन ताईंना म्हणाल्या, "एका पोरीसाठी आमच्या पोरींना उघडं पाडलं तुमी. वरच्या आळीची हाय म्हून." ताईंनी ते ऐकून घेतलं. वरच्या आळीत त्याच आठवड्यात वेगळंच चाललं होतं: ताईनं पोरगी विकली. मॅट आली नव्हती हे दिसत होतं, तरी विकली. म्हणजे काहीतरी दुसरं घेतलं असणार, असं.

पुढच्या हंगामात जिंतूरच्या स्पर्धेत आमची गाठ पडली ती राधाच्या संघाशी. मी आणि ताई बाकावर. राधा चढाईला आली, मध्यरेषेपाशी क्षणभर थांबली आणि आमच्या बाजूला बघून तिनं मान खाली घातली. ताई बसल्या जागेवरून मोठ्यानं ओरडल्या, "खेळ ना गं!" आमच्या मुली चमकून मागे बघायला लागल्या, ताई कुणाला ओरडल्या ते त्यांना कळेना. मग राधा खेळली. मीनाच्या कोपऱ्यातूनच तिनं एकेक गडी काढला. मीनानं एकदा तिचा घोटा धरला, पक्का धरला होता, पण बाकीच्या मदतीला पोचायच्या आत राधा सुटली. आम्ही वाईट हरलो.

ताईंनी सांगितलं होतं तसंच झालं. बापांना पोरींचं वय आठवलं. एक आजारी पडली, एकीची आत्या बाळंत झाली, एकीला शिवणक्लास लावला. दिवाळीनंतर मैदानावर सात मुलीही जमेनात. उन्हाळ्यात मीनाचं लग्न ठरलं, मंठ्याकडचं स्थळ. ती दाखला घ्यायला आली तेव्हा मी कार्यालयातच होते. ताईंनी दाखला लिहिला, शिक्का मारला, खिडकीतून पुढे केला. मीनानं तो घेतला, पण गेली नाही. जाळीला बोटं लावून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मला कुनी मागितलं न्हवतं का?"

बस, एवढंच. रागानं नाही, रडून नाही. जसं एखादीनं विचारावं, माझी वही कुणी आणून दिली का. मागितलं असतं तर ताईंनी तिलाही दिलं असतं का, की कुणी मागितलं नाही म्हणून त्यांना ते ठरवावंच लागलं नाही... ताईंनी नुसती नाही अशी मान हलवली. मीना "बरं" म्हणाली आणि गेली. नंतर कितीतरी दिवस ताई मला विचारायच्या, "मी जिंतूरला मीनाचं नाव सुचवायला पायजे होतं का, बाई?" मी म्हणायचे, त्यांना चढाईची मुलगी हवी होती. "हो, पन सुचवायला पायजे होतं," असं त्या म्हणायच्या आणि विषय तिथंच फिरत राहायचा, बाहेर निघायला वाटच नसल्यासारखा.

राधाचं चांगलं झालं. राज्याच्या संघात खेळली, खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात भरती झाली, आता नांदेडला असते. गावात तिचा सत्कार झाला तेव्हा दत्तरावांनी फेटा बांधला होता. बॅनरवर बऱ्याच जणांचे फोटो होते, ताईंचा नव्हता. त्या मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसल्या होत्या. राधानं व्यासपीठावरून त्यांचं नाव घेतलं तर लोकांनी वळून बघितलं, टाळ्या वाजवल्या. ताई हळूच म्हणाल्या, "चला बाई, निघू." का, म्हटलं. "रुक्मिणबाई समोर बसल्यात." त्यानंतर त्यांनी पुन्हा संघ उभा करायचा प्रयत्न दोनदा केला. दारं उघडली नाहीत. नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी त्या जाळीमागे काढली, दाखले लिहीत, आणि बाहेर मुली पळत असल्या की मान वर करायच्या नाहीत.

ताईंच्या घरी पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या स्मरणविधीच्या, दिवशी बुद्धवंदना झाल्यावर माणसं पांगली. राधा सुटी काढून आली होती, ताईंच्या फोटोसमोर बसून हमसून रडत होती. मीना आली ती दुपार कलल्यावर, कडेवर पोर घेऊन, घरची परवानगी मिळेपर्यंत उशीर झाला म्हणाली. ती रडली नाही. राधाच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मला म्हणाली, "बाई, ताईचा मला दर रविवारी दुपारी फोन यायचा." मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसलो, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, काय बोलायच्या? "काही न्हाई. काय केलंस जेवायला, एवढंच. कबड्डीचं कधी न्हाई. एकदा मी म्हनलं, ताई, कशाला फोन करताव सारखा? तर म्हनल्या, तू उचलतीस म्हून." पोराला मांडीवर घेत ती म्हणाली, "घरात मला कुनी काही विचारत न्हाई, त्याच तेवढ्या विचारायच्या."

गेल्या रविवारी मी पेपर तपासत बसले होते. फोन वाजला. नंबर अनोळखी होता. उचलला तर पलीकडून अगदी दबक्या आवाजात, "बाई, मी मीना. सासूबाई झोपल्यात, म्हून हळू बोलायलेय. काय केलं जेवायला?"

पिठलं, मी म्हटलं. तिनं "बरं" म्हटलं. पुढे काय बोलायचं ते दोघींनाही सुचेना... पण फोन तिनंही ठेवला नाही, मीही ठेवला नाही.