सातची वेळ

माझ्या बापानं आठ वर्षं रोज सकाळी माझी शी काढली.

घाण वाटलं तर खुशाल पुढं स्क्रोल करा. आज आण्णांची पुण्यतिथी आहे, मी हेच लिहिणार.

नव्वदीतली गोष्ट. उचगावात आमच्याच गोठ्याचा पत्रा बदलताना मी पडलो. मणका गेला, कंबरेखाली सगळं बंद.

पाय गेले ते लोकांना दिसलं. संडासची जाणीव गेली ते घरातच कळलं.

शी कधीही व्हायची. पाव्हणं चहा पीत बसलेले असायचे आणि वास सुटायचा.

मग मी शहाणपणा केला. खाणंच बंद केलं.

चौथ्या दिवशी पोट दगड झालं. दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथं नर्सनं आण्णांना शिकवलं. रोज एकच टाइम. आधी खाणं, गरम चहा. मग ग्लोव्हजला तेल लावून बोट आत हळू फिरवायचं.

मी भिंतीकडं तोंड करून रडत होतो.

आण्णा म्हणाले, "कळलं की. म्हशीगतच हाय. येळ लावली की पान्हवती. आन् चारा न्हाय तर धार कुठनं? खा मुकाट!"

डेअरीला दूध घालून आले की सात वाजायचे. भोक पाडलेली खुर्ची, खाली बादली.

दोन महिने नुसती फजिती. मग एकदा सातलाच झालं आणि दिवसभर कपडे कोरडे राहिले.

आण्णांनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

मग माझ्या मागं लागले. "आता तुझं तू शीक. हात धड हाईत की. मी काय जलमभर पुरणार हाय व्हय?"

मला माझीच किळस यायची. बापाला कधी आली नाही. आठ वर्षं मी टाळलं.

एका पहाटे धार काढतानाच आण्णा गेले.

बाहेरच्या सोप्यात ठेवलं होतं त्यांना. बायका रडत होत्या. सात वाजले आणि माझं पोट गुरगुरलं. पोटाला कुठं ठाऊक, माणूस गेलाय ते.

आत गेलो. दार लावलं. चाकाच्या खुर्चीवरनं त्या खुर्चीवर सरकलो. ग्लोव्हज घातला. तेल लावलं.

चुलत्यांनी दार बडवलं. "आरं, बापाला पाणी पाजायचं हाय, थोरला तू! आत काय करतोस?"

"आलो तात्या. आण्णांचं काम राहिलंय, तेवढं करतोय."

झालं. पहिल्यांदा, माझं मी.

साबणानं दोनदा हात धुतले आणि त्याच हातानं आण्णांच्या तोंडात पाणी घातलं.

आण्णा, एक दिवस आधी शिकलो असतो तर तुम्ही बघितलं तरी असतं.

आजही सातचं उरकलं, मगच फोटोला हार घातला.

नमस्कार घ्या.