चेहऱ्याचं फडकं

घानातल्या कुमासी शहरात सुआमेच्या चौकातून खाली उतरलं की डाव्या हाताला मामे क्येरा नावाच्या बाईचं गाड्या धुण्याचं ठिकाण लागतं. तिथे आंब्याखाली ओपारेमामा बसतात. गाडी धुणारे वेगळे. मामांचं काम धुतल्यानंतरचं. रंग घासायचा, पॉलिश करायचं, मेण चढवायचं, आणि गाडी अशी करून द्यायची की मालकाला स्वतःच्याच गाडीत बसताना चप्पल काढावीशी वाटावी.

माणूस अबोल. पण सामानाच्या बाबतीत एकदम काटेकोर. डांबराच्या ठिपक्यांना रॉकेल, तेही कापसाच्या बोळ्यावर घेऊन, ओतून नाही. अक्षरांच्या खाचांत दात घासायचा जुना ब्रश. दाराच्या काळ्या रबराला शियाच्या बियांचं लोणी, कारण बाजारातल्या चकचकीत बाटलीतलं लावलं की त्यावर धूळ चिकटते. अंग घासायची जाळीची घासणी कुणी बॉनेटला लावताना दिसला, तर मामा उठून ती त्याच्या हातातून काढून घेत आणि काही न बोलता परत जाऊन बसत. हरमटानचा कोरडा वारा सुटला की सगळं गाव पिवळट होतं, गाड्यांवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ बसते. त्या दिवसांत आधी पाणी, मग हात, हे त्यांचं एकच सांगणं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं फडकं. पॉलिश कितीही भारीचं आणा, शेवटी पुसणार फडक्यानेच. फडकं खरखरीत असेल तर रंगावर बारीक बारीक ओरखडे उठतात, सावलीत दिसत नाहीत, आणि गाडी उन्हात नेली की कोळ्याचं जाळं पसरल्यासारखे उभे राहतात. म्हणून मामांना लागायचा जुना सुती टी-शर्ट, पुष्कळ धुतलेला. आणि असे टी-शर्ट कुमासीत मिळतात ते मयताचे.

इथे माणूस गेलं की शनिवारी लाल-काळं नेसून मोठा विधी होतो, आणि रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना. त्या रविवारसाठी घरचे पांढरे टी-शर्ट छापून घेतात. छातीवर गेलेल्या माणसाचा फोटो, खाली नाव, आणि दामिरिफा दुए, हे निरोपाचे शब्द. नातलग घालतात, शेजारी घालतात. नंतर तोच शर्ट कुणी गवंडीकामाला घालतो, कुणी झोपताना. विरला की चिंध्यांच्या बाजारात येतो. तिथे तिवा नावाची बाई मामांसाठी असे शर्ट बाजूला काढून ठेवायची. कापड लोण्यासारखं मऊ, फक्त छापलेली जागा कडक. शाईने ओरखडे पडतात. म्हणून तिवा कात्रीने चेहरा गोल कापून काढायची. शर्टाचं झालं पॉलिशचं फडकं, आणि चेहऱ्याचा तुकडा जायचा चाकांना. चाकाला कसले ओरखडे. सगळे असंच करायचे. मामांनीही इतकी वर्षं कुणाकुणाच्या चेहऱ्यांनी चाकांचं काळं तेल पुसलं, आणि त्यात काही चूक आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग आसाबेआ गेली.

आसाबेआ म्हणजे मामांची बायको. त्याच आंब्याखाली सकाळी कोको, म्हणजे बाजरीची पेज, आणि कोसे, म्हणजे चवळीचे गरम वडे विकायची. बोलायला मोकळी. नवऱ्याच्या वाट्याचं बोलणंही तीच उरकायची. तापाचं निमित्त झालं आणि ती चार दिवसांत गेली, केस अजून काळेभोर होते. रविवारसाठी शर्ट छापले तेव्हा मामांनीच फोटो निवडून दिला. हसू फुटायच्या बेतात असली की तिचा एक डोळा जरा बारीक व्हायचा, तसा.

विधी पार पडले. मामा कामावर आले. पहिलीच गाडी पुसून झाली आणि त्यांनी सवयीने चाकांसाठी तुकडा उचलला. तुकड्यावर कुणी अनोळखी म्हातारे गृहस्थ होते. मामा तो हातात धरून बघत राहिले. मग घडी करून खिशात ठेवला आणि चाकं तशीच सोडून दिली.

त्या दिवसापासून ते मयताचे शर्ट घेईनासे झाले. कधीतरी आसाबेआचा शर्ट विरेल, बाजारात येईल, कुणीतरी कात्री लावेल आणि कुठल्यातरी ट्रकच्या चाकाला तिचं तोंड घासेल, एवढंच त्यांना दिसत राही. त्यांनी दुकानातून नायलॉनचे नवे रंगीत पंचे आणले. तिवाने विचारलं तर म्हणाले, आता जमाना बदलला.

आणि आसाबेआ त्यांना भेटू लागली.

पहिल्यांदा ती एका गवंड्याच्या छातीवर होती, सिमेंटने माखलेली. मामा रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मग केळी तळणाऱ्या एका मुलीच्या अंगावर दिसली. एकदा बसमध्ये समोरच्या बाकावर माणूस झोपला होता, त्याच्या श्वासाबरोबर ती वर-खाली होत होती. मामा उतरायचं ते ठिकाण सोडून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. आधी ते तिला टाळायचे. पुढे पुढे गर्दीत पांढरं काही दिसलं की पाय आपोआप तिकडे वळायचे. दरवेळी ती आधीपेक्षा पुसट असायची. नाव गेलं, मग कानातली गेली. प्रार्थनेला बसले की मामा देवाला काही मागत नसत. फक्त विचारत की तिला असं हळूहळू का नेतोयस.

इकडे काम बिघडत चाललं. नायलॉनच्या पंच्याने गाड्यांवर जाळी उठू लागली. मामांना ते सगळ्यांच्या आधी दिसत होतं. गिऱ्हाईक तक्रार करायचं तेव्हा ते धुळीवर ढकलायचे, आणि खोटं बोललं की त्यांचे कान तापायचे. मामे क्येराने दोन वर्षं ऐकून घेतलं. बाई तोंडाने फटकळ, पण आसाबेआची पेज खाऊनच तिने हा धंदा उभा केला होता, त्यामुळे तिची जीभही अडत होती. शेवटी तिने आपल्या भावाची जुनी काळी मर्सिडीज आंब्याखाली आणून उभी केली. शनिवारी तिच्या मुलीचं लग्न होतं आणि नवरी त्याच गाडीतून चर्चला जायची होती.

"हे बघ ओपारे," ती म्हणाली, "गाडी काळी आहे आणि चर्च उन्हात आहे. माझे सगळे व्याही तिथे उभे असणार. एक जरी जाळं दिसलं तरी ती बायका-माणसं महिनाभर माझी सालं काढतील."

मामा बॉनेटवर वाकून रंग बघत होते.

"मशीनने पॉलिश करणारा एक माणूस तयार आहे. ही जागा मागतोय तो. मी त्याला शनिवारपर्यंत थांबवलंय. आसाबेआकडे बघून थांबवलंय, तुझ्याकडे बघून नाही."

एवढं बोलून ती गेली. जागा गेली तर मामांचं काय राहणार हे तिलाही ठाऊक होतं. आंबा, बाक, आणि जिथे आसाबेआची चूल असायची तो काळा पडलेला दगड, एवढंच तर त्यांचं होतं.

मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. रंग मूळचा होता, जुन्या पद्धतीचा. अशा रंगावर वरचा काचेसारखा थर नसतो, पॉलिश केलं की रंगच थोडा फडक्यावर उतरतो. नायलॉन लावणं म्हणजे सरळ जागेवर पाणी सोडणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चिंध्यांच्या बाजारात गेले.

तिवा त्यांना बघून गाल फुगवून हसली. "कोण आलंय बघा. जमाना परत फिरला वाटतं, मामा?"

"सुती दे," मामा म्हणाले. "सगळ्यांत मऊ."

"तुमचे ते रंगीत पंचे कुठे गेले? नवऱ्या मुलीसारखे मिरवत होतात त्यांना."

तिवाने ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि खालून एक शर्ट ओढून काढला. विरून मलमलीसारखा झालेला. तिने तो मामांच्या गालाला लावला.

"हा बघा. लेकराच्या कानाची पाळी जशी. कुणीतरी घालून घालून जीव घेतलाय याचा. चित्रसुद्धा राहिलं नाही, थांबा, तेवढा गोल कापून देते."

छातीवर फिकट डाग होता. दुसऱ्या कुणाला तो डागच वाटला असता. मामांना एक डोळा बारीक दिसला. तिवाची कात्री उघडली होती.

"कापू नकोस."

"अहो, ओरखडे पडतील. तुम्हीच शिकवलंत."

"कापू नकोस, पोरी."

त्यांचा आवाज ऐकून तिवाने कात्री मिटली. तिने डागाकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि काही न विचारता शर्ट घडी करून त्यांच्या हातात दिला.

शुक्रवारी उजाडताच मामांनी गाडी स्वतः धुतली, सावलीत घेतली. पॉलिश बोटावर घेऊन कणी तपासली, ओल्या स्पंजने थोड्या थोड्या भागावर गोल फिरवत लावलं. छत झालं, बॉनेट झालं, दारं झाली. पॉलिश वाळून वर राखेसारखा पांढुरका थर आला. आता पुसायचं. बाकावर एका बाजूला नायलॉनचा पंचा होता, एका बाजूला शर्ट.

मामांनी शर्ट उचलला. छापलेली जागा मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून पाहिली, जिथे कातडी सगळ्यांत नाजूक असते. काहीच टोचलं नाही. शाईचा कडकपणा कधीच गेला होता. इतक्या अंगांवर, इतक्या धुण्यांत ती मऊ होऊन गेली होती. कापायचं कारणच उरलं नव्हतं.

ते बराच वेळ तसेच उभे राहिले. गाडी धुणाऱ्यांनी एकमेकांना खुणा केल्या. मामांचे ओठ हलत होते. देवाशी बोलत होते की तिच्याशी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी शर्टाची घडी केली, चेहरा तळहाताखाली घेतला, आणि छतावर ठेवला.

पहिला हात फिरवला तेव्हा डोळे मिटलेले होते. उघडले तर खाली आंब्याची पानं दिसली, एकेक शीर दिसावी इतकी स्पष्ट. जाळं नव्हतं. मामा पुसत गेले. फडकं काळं पडत होतं, पडणारच होतं. छत, बॉनेट, डावी दारं, उजवी दारं. हात जुन्या लयीत आला. मधेच त्यांना कोसे तळल्याचा वास आला. त्यांनी वळून बघितलं नाही. असा वास त्या जागेला अधूनमधून येतो, आणि दोन वर्षांत त्यांनी शिकून घेतलं होतं की वळलं की तो जातो.

ऊन चढल्यावर मामे क्येरा आली. तिने गाडी ढकलून उन्हात घ्यायला लावली. वाकून, तिरकं होऊन, डोळ्यांवर हात धरून तिने बॉनेटच्या टोकापासून मागच्या काचेपर्यंत बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. मग सरळ झाली आणि नुसतं "हं" म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

"मशीनवाल्याला सांगते येऊ नकोस म्हणून," ती म्हणाली, आणि तिची नजर मामांच्या हाताकडे गेली. "हे काय धरलंयस? कोण आहे ही म्हातारी?"

मामांनी शर्ट उलगडला.

गाडीचा काळा रंग कोऱ्या सुतात मुरला होता. जिथे पूर्वी दाट शाई होती, केसांत, भुवयांत, तिथले धागे अजून थोडे भरलेले असावेत, कारण तिथे तो बसला नव्हता. त्यामुळे सगळं उलटं झालं होतं. चेहरा काळा, गडद, भरलेला. आणि त्याच्याभोवती केस पांढरे शुभ्र. भुवया पांढऱ्या. एक डोळा बारीक.

आसाबेआ म्हातारी झाली होती. मामांबरोबर राहिली असती तर आणखी वीस वर्षांनी झाली असती तशी, आणि हसू फुटायच्या बेतातच होती.

मामे क्येराने जवळ येऊन पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. मघाचं सगळं फटकळपण कुठल्याकुठे गेलं होतं.

"ही तिची आई का रे?" तिने हळूच विचारलं. "आसाबेआची?"

"नाही," मामा म्हणाले. "तीच आहे."

धुणाऱ्यांपैकी एकाने नळ बंद केला.

"धुतलंस की जाईल हे," मामे क्येरा म्हणाली.

"जाईल."

"मग धुऊ नकोस."

मामा शर्टाकडे बघत राहिले. न धुतलेलं फडकं रात्रीत वाळून कडक होतं आणि मग कुठल्याच गाडीला चालत नाही. हे त्यांना ठाऊक होतं, आणि आसाबेआलाही ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांची फडकी तीच धुवायची.

"डिकीचं झाकण राहिलंय अजून," ते म्हणाले.

त्यांनी शर्टाची घडी घातली, तिला पुन्हा तळहाताखाली घेतलं आणि गाडीच्या मागे गेले.