मामांचा ना हरकत दाखला

"थांबा, बाई बोलतीय!" असं म्हणून मामा उजवा तळहात समोर धरायचे आणि समोरचा माणूस, मग तो हेल्पर असो नाहीतर मॅनेजर, जागच्या जागी थांबायचा. नवीन माणूस आधी बाई शोधायचा. रॅकच्या मागे डोकावून बघायचा. बाई मामांच्या शर्टाच्या खिशात, मोबाईलमध्ये होती आणि आलेले मेल मोठ्याने वाचून दाखवत होती.

नागापूर एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग बनवणारा आमचा लहानसा कारखाना आहे. मी तिथले कॉम्प्युटर सांभाळते. मामा स्टोअर सांभाळायचे. पाथर्डीच्या पुढच्या एका गावातून ते तरुणपणी नगरला आले, ते या स्टोअरमध्येच शिरले. मशीनवरच्या लोकांना नट, बोल्ट, वॉशर काहीही हवं असलं की मामांच्या खिडकीवर चिठ्ठी द्यायची, अशी पद्धत होती. पुढे चिठ्ठ्या बंद झाल्या. प्रत्येकाला कंपनीचा मेल मिळाला आणि तो बघायला मोबाईलमध्ये कंपनीने ठरवून दिलेलं ॲप.

तेव्हापासून मामांचा चष्मा रोज घरी राहायला लागला. "जरा वाच रं, चष्मा घरी राह्यला," असं म्हणून ते येईल त्याच्याकडून मेल वाचून घ्यायचे. मग सावेडीत राहणाऱ्या त्यांच्या मुलीने त्यांच्या मोबाईलमध्ये दुसरंच एक ॲप टाकून दिलं. ते मेल बोलून दाखवतं. पण बाहेरच्या ॲपला कंपनीचा मेल जोडायचा तर वरून परवानगी लागते. स्क्रीनवर आलं, 'प्रशासकाची मंजुरी आवश्यक आहे. कृपया आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.' मुलीने ते वाचून दाखवलं आणि ती कामाला निघून गेली.

मामांनी दोन दिवसांची रजा टाकली.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापुढे उभे राहिले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला कागद होता. "आणली मंजुरी. आता जोडा."

कागदावर त्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीचा गोल शिक्का होता. गावात निवडणूक झालेली नव्हती, त्यामुळे कारभार प्रशासकाकडे होता. मामांना माहीत असलेला प्रशासक तोच. ते एसटीने गावी गेले, अर्ज केला, दिवसभर ओट्यावर बसून राहिले आणि सही घेऊनच उठले. मजकूर असा होता : 'सदर इसमास आपले मोबाईलमध्ये ई-मेलचे ॲप जोडणेस या कार्यालयाची कोणतीही हरकत नाही.'

मी ओठ घट्ट मिटून घेतले. "मामा, हा प्रशासक नाही चालत. कंपनीच्या मेलची प्रशासक मी आहे."

"तुमी?" मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमाला कवा नेमलं?"

"तीन वर्षं झाली."

"मंग सांगायचं न्हाई व्हय? माझी दोन दिवसाची रजा गेली की वो मॅडम."

मी हसत हसत कागद परत देणार, तेवढ्यात माझी नजर खालच्या ओळीवर गेली. 'अर्जदारास दोन्ही डोळ्यांनी अत्यंत कमी दिसत असलेने सदर सोय आवश्यक आहे.' प्रशासकाने कारण विचारलं असणार आणि आपल्या गावात म्हणून मामांनी खरं सांगून टाकलं असणार. त्याने ते सरळ लिहून दिलं होतं. मामांना ते वाचता येत नव्हतं.

आता माझी पंचाईत झाली. हेड ऑफिसच्या फॉर्मवर बाहेरचं ॲप का हवं, याचं कारण लिहावं लागतं. मामांच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. खरं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या किल्ल्या गेल्या असत्या. मी 'कामाच्या सोयीसाठी' असं लिहिलं, कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मंजुरीचं बटण दाबलं. पण एक प्रश्न अजून बाकी होता. तो मामांना वाचून दाखवणं भाग होतं.

"मामा, हे विचारतंय, या ॲपला तुमचे सगळे मेल वाचू द्यायचे का?"

"वाचू द्या की!" मामा म्हणाले. "मंग आणलीय कशाला तिला?"

बाई कामाला लागली. मेलच्या खाली काही लोक 'छापण्यापूर्वी पर्यावरणाचा विचार करा' असं लिहितात, तेही ती प्रत्येक वेळी वाचायची. मामा क्षणभर थांबायचे, "केला" म्हणायचे आणि मगच बोल्ट मोजायला घ्यायचे.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. एक दिवस मशीन विभागातून मेल आला, 'तातडीने 20-25 वॉशर पाठवा.' बाईने वाचलं, "वीस वजा पंचवीस वॉशर." मामांनी हिशोब केला आणि ते स्वतः मशीनवर गेले. तिथला सुपरवायझर वॉशरची वाट बघत होता. मामांनी त्याच्याच ट्रेमधले पाच वॉशर मोजून उचलले.

"अहो मामा, हे काय?"

"वजा पाच आलेत. पाच तुमच्याकडून येनं हाय."

मशीन दोन तास बंद राहिलं. मॅनेजर तणतणत स्टोअरमध्ये आले, त्यांच्या मागोमाग मी. ॲप मी जोडून दिलेलं होतं. पण मी काही बोलायच्या आत मामा उठून उभे राहिले. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी टेबलावर ठेवला.

"साहेब, मॅडमची चूक न्हाई. मला दिसत न्हाई. लई दिवस झालं. मी लपवलं."

मग मॅनेजर हळूच म्हणाले, "मामा, मला माहीत आहे. तुम्ही तो ग्रामपंचायतीचा कागद गेटवर मला दाखवला होतात."

"तो? त्यात काय हुतं?"

ड्रॉवरमधल्या कागदावरची ती ओळ मला पाठच होती, ती मी म्हणून दाखवली. मामा मटकन स्टुलावर बसले. "आरं द्येवा," ते म्हणाले. "मॅडमकडं न्यायच्या आधी वॉचमनला दाखवला, कँटीनला दाखवला, मशीनवर तर हातोहात फिरवला!"

म्हणजे सगळ्या कारखान्याने तो वाचला होता. एवढ्या महिन्यांत एकानेही तोंड उघडलं नव्हतं. माझा आपला समज, की गुपित मी एकटीच सांभाळतेय.

मॅनेजरांनी जुडगा उचलून मामांच्या हातात दिला. त्या दिवसापासून स्टोअरला येणारे मेल असे यायला लागले : 'मामा, वॉशर पाठवा. नग वीस. शब्दात वीस.' निवृत्तीपर्यंत मामांचा एक नग इकडचा तिकडे झाला नाही.

निरोपाच्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर बसवून स्टँडवर सोडलं. शाल आणि नारळ मांडीवर घेऊन ते गावच्या एसटीत खिडकीशी बसले. मी पाण्याची बाटली आणायला गेले. परत येते तोवर एसटी हलली होती. खिडकीखाली मी आधी उभी होते त्या जागी आता मोठ्या मिशांचे, फेटा बांधलेले एक आडदांड गृहस्थ येऊन थांबले होते. मामांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यांना म्हणाले, "येतो मॅडम. तुमी लई केलं माझ्यासाठी."

गृहस्थांनी एकदा मागे वळून पाहिलं. मग त्यांनीही हात वर केला आणि म्हणाले, "असू द्या, असू द्या. सांबाळून जावा."