ओली जाळी

फाटकं जाळं सांधण्यात गाठमावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती माझ्या आईची सख्खी बहीण. आसपासच्या सगळ्या तळ्यांवरची जाळी तिच्या दारात येऊन पडायची. तिची रीत अशी, की जाळं आधी पाण्यात बुडवायचं. सूत मऊ पडतं, चिखल सुटतो, बोटं सोलत नाहीत. पण भिजलेलं जाळं तिला उचलेना, म्हणून ते काम तिच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं. काका घरामागच्या तळ्यात मासे पाळायचे. आलेलं जाळं खांद्यावर टाकायचे न् आपल्याच तळ्यात बुडवून आणायचे.

"अगं, तुझी हमाली करून माझा पार बैल झालाय."

"मग वशिंड कुठंय? बघू."

पुढं वरच्या अंगाच्या तळ्यांत ते नांगीवाले आले. अंग झिंग्याचं, नांग्या खेकड्याच्या, रंग भाजल्या विटेसारखा. कुणीतरी परमुलखातून हौसेनं काचेच्या पेटीत पाळायला आणले न् हौस फिटल्यावर कालव्यात सोडले म्हणे. त्यांनी माशांची अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली, वर बांधाला बिळं पाडली.

काका मात्र निवांत. "माझ्या तळ्याला कालव्याचं पाणीच नाही. येतील कसे? उडत?"

आले. मासे घटले, बांध पाझरायला लागला. काका चिखलाचे गोळे करून बिळं बुजवायचे. सकाळी शेजारी नवी दिसायची. मग बांधावर उभं राहून ते ओरडायचे, "ज्यानं आणले त्याचे हात झडोत!"

एकदा वरच्या तळ्यावरचं जाळं पोत्यातून ओलंच आलं. मावशी फाटकी जागा चाचपत होती, तर बोटाला चिमटा बसला. गाठीत नखाएवढं पिल्लू, जिवंत. आधीची सगळी ओली जाळी तिच्या डोळ्यांपुढून गेली. तिनं पिल्लू अंगठ्याखाली चिरडलं. तेवढ्यात काका जाळं उचलायला वाकले.

"आण, भिजवून आणतो."

"नको. ओलं काम सोसत नाही आता. सांधे धरतात. उन्हात टाका ते."

तेव्हापासून ती कोरडंच सांधायला लागली. ज्याला त्याला बजावायची, "कडक वाळवून आणा, नाहीतर हात लावणार नाही." बोटांना चिरा पडल्या.

खरं कारण तिनं फक्त माझ्या आईला सांगितलं. आई म्हणाली, "सांगून टाक की त्यांना."

"काय सांगू? तुमच्याच खांद्यावरनं आले म्हणून? तळं भरणार आहे का त्यानं?"

बांध शेवटी फुटलाच. तळ्याच्या जागी चिखल उरला, न् त्यात लाल नांग्या वर करून बसलेले ते. काका रोज पायरीवर बसून शिव्या घालायचे. मी गेलो त्या दिवशी मावशी मागं बसून त्यांच्या खांद्याला तेल चोळत होती.

"हात झडोत त्याचे," काका म्हणाले. मग मान वळवून, "तू का गं कधी शिवी देत नाहीस? तुला काहीच वाटत नाही?"

चिरा पडलेल्या बोटांनी तिनं वाटीतलं आणखी तेल घेतलं.

"खांदा सैल सोडा," मावशी म्हणाली.