पंतोजीच्या घरचं पाणी

अमरावती सोडून अकोल्याला जायचं माझ्या मनाने घेतलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना कुणाला माझ्या आईचा राग येईल, आणि तो सगळा तिच्यावर निघावा असं मला वाटत नाही.

त्या वर्षांत अमरावतीत माणसापेक्षा कापसाची किंमत जास्त होती. दूर अमेरिकेत कसली तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. देवळाच्या ओवरीत कापूस, धर्मशाळेत कापूस. आम्ही राहत होतो त्या दोन खोल्यांवरही घरमालकाचा डोळा गेला. माणसं कुरकुर करतात, कापूस गपचूप पडून राहतो, असं तो मला तोंडावर म्हणाला. हवेत सतत तंतू उडायचे. आमटीवर तरंगायचे, आईच्या देवपूजेच्या गंधाला चिकटायचे. माझ्या बायकोला त्याने खोकला जडला. आमचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, आणि ते या खोकल्यानेच गेलं असं मी मनाशी धरून बसलो होतो. वैद्य तसं म्हणाला नव्हता. पण मी शाळेत पंतोजी होतो, आणि पंतोजीला वैद्याहून जास्त कळतं.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. हे मूल जगलं पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी मी अकोल्याची बदली मागून घेतली.

स्नेह्यांनी वेड्यात काढलं. अकोल्यात आहे काय? चांगला वैद्य नाही, आपल्या माणसांची घरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, अडीअडचणीला धावून यायला नातेवाईक नाही. मी उलट सांगायचो की घर मोठं आहे, अंगण आहे, भाजी दारात येते, हवा मोकळी आहे, रेल्वेचं काम चालू आहे, उद्या आगगाडीही येईल. एक कारण मात्र बोलून दाखवलं नाही. अमरावतीत माझ्यासारख्या पंतोजीला कुत्रं विचारत नव्हतं. अकोल्यात मान मिळाला असता. वासरांत लंगडी गाय शहाणी ही म्हण मी मुलांना शिकवत असे, तेव्हा ती मला स्वतःला कधी बोचली नाही.

बायकोने एकच विचारलं. "अंगणात विहीर आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. "भरलेली आहे. मी स्वतः पाहून आलोय."

पाहून आलो होतो हे खरं. बदली नक्की झाल्यावर मी एकटाच जाऊन घर बघून आलो होतो. तिथल्या घरमालकाच्या गड्याने विहिरीतून पोहरा काढून माझ्या पायांवर ओतला. शेजारची कुणबीण, जिला सगळे पाटलीणबाई म्हणत, तिने आल्यागेल्याला देतात तसा गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ओट्यावर आणून ठेवलं. गूळ कोरडा, तो चालतो, म्हणून खाल्ला. पाण्याला हात लावला नाही. विहिरीत वाकून पाहिलं तर पाणी वरच होतं, निवळ आणि निळसर. तेही चाखलं नाही. वाटेत, पारोशा अंगाने, कोण कुठला पोहरा सोडतो त्या विहिरीचं पाणी ब्राह्मणाने तोंडात घ्यायचं नसतं. माझा सोवळ्याने भरलेला तांब्या माझ्याजवळ होता. उन्हात पाय वाळले तेव्हा त्यांवर पांढरट पुटं दिसली. ती मी वाटेची धूळ समजून झटकली. एक ओंजळ तोंडात घेतली असती तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

चार दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आम्ही अकोल्याला पोचलो. पहिल्या दिवशी तुरीची डाळ चुलीवर चढली ती दुपार कलली तरी शिजेना. आई म्हणाली, डाळ जुनी आहे. बायकोने विहिरीचं पाणी जिभेला लावलं आणि भांडं माझ्यापुढे धरलं. खारट आणि कडवट, घोट गिळवेना. भिंतीपलीकडून पाटलीणबाई हसली. "हा खारा पट्टा हाये, पंतोजी. इथल्या इहिरी ढोरं न् भांड्यापुरत्या. प्याचं पानी नदीचं, नाईतं आमच्या वावरातल्या इहिरीचं."

नदी म्हणजे मोर्णा. तिच्या वाळूत खड्डे खणले की गोडं पाणी झिरपायचं. घरापासून लांब होती आणि काठाची दरड उभी होती.

तरी पहिला महिना सुखाचा गेला, हे खोटं का सांगू? मोकळ्या हवेने बायकोचा खोकला आठ दिवसांत थांबला. तिच्या गालांवर रंग आला. रस्त्याने निघालो की दुकानदार उठून रामराम घालायचे. पाणी मी स्वतःच आणू लागलो, खांद्यावर कावड घेऊन, पहाटे दोन खेपा. अमरावतीत कावडच काय, गाढवावर उलटा बसून गेलो असतो तरी कुणी मान वर केली नसती. अकोल्यात तिसऱ्याच दिवशी साऱ्या गावाला कळलं. कचेरीतल्या एका माणसाने मला वाटेत गाठून, अगदी काळजीने विचारलं, "पंतोजी, तुमीच पानी वाहून राहिले, मंग पोट्टे तुमाले भितीन कावून?" पोरं का भितील, हा प्रश्न माझ्याही मनात राहिला. महिना सरता सरता एक दिवस मी शाळेत शिरलो तर वर्गात एकाने खांद्यावर छडी घेऊन दोन्ही टोकांना पाट्या लटकवल्या होत्या, आणि बाकीचे हसत होते. मी त्याला बदडलं. दुसऱ्या दिवशी कावड भिंतीला टेकवून ठेवली ती ठेवलीच.

पैसे देऊन पाणक्या मिळेल का पाहिलं. ज्याच्या अंगात दोन घागरी उचलायची ताकद होती तो कापसावर नाहीतर रेल्वेच्या भरावावर गेलेला. मग पाणी बायको आणू लागली.

पाटलीणबाईची गाडी रोज सकाळी वावरातून गोड्या पाण्याच्या घागरी भरून यायची आणि आमच्या दारावरून जायची. एक दिवस ती गाडी थांबवून अंगणात आली. मी ओट्यावर मुलांचे कित्ते तपासत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली आईशी. "मायबाई, सून दोन जिवाची हाये. तिले कावून दरडीवर धाडून राहिल्या? दोन घागरी मी तुमच्या दारात उतरवून देत जाईन. आमाले काई जड नाई."

आई मवाळपणे म्हणाली, "तुमचं मन मोठं आहे हो, पाटलीणबाई. पण आमच्या स्वयंपाकाला ते चालायचं नाही."

आई दुष्ट नव्हती. अमरावतीत ती चार विधवांमधली एक होती आणि तिथल्या गर्दीत तिचं सोवळं इकडेतिकडे झालं तर कुणाला पत्ता नसे. अकोल्यात ती पंतोजीची आई झाली. आपल्यांची चार घरं, त्या चार घरांतल्या बायका हळदीकुंकवाच्या निमित्ताने यायच्या आणि डोळे आमच्या पाण्याच्या घागरींवर ठेवायच्या. जो मान मला कावड उचलू देत नव्हता, तोच तिला गाडीवरचं पाणी घेऊ देत नव्हता. पण मी घरातला कर्ता होतो. मी बोललो असतो तर तिने ऐकलं असतं. मी कित्त्यांतून मान वर केली नाही.

सोवळ्याचं पाणी म्हणजे नदीवर आंघोळ करायची, ओलं लुगडं नेसायचं आणि तसंच ओलेत्याने, कुणाला न शिवता, घागर डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन दरड चढायची. थंडी पडली तशी बायको दातखीळ बसल्यागत घरी यायची. मी म्हणायचो, "जपून गं." एकदा ती म्हणाली, "मी जपते. दरड जपत नाही." आणि कळशी खाली ठेवून, "सासूबाईंना तुम्ही एकदा सांगून पाहा ना."

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, थंडी ओसरली की वेळच येणार नाही, असं करत राहिलो.

सातवा महिना सरत आला होता तेव्हा ती दरडीवरून घसरली. मी शाळेत होतो. तिला घरी आणलं ते पाटलीणबाईने, आपल्या पाण्याच्या गाडीत, घागरी रस्त्यावर उतरवून ठेवून. त्याच दिवशी पोट दुखू लागलं. सुईण आली. मुलगा झाला, तो रडला नाही.

त्यानंतर ती दीड दिवस होती. बाळंतिणीची खोली विटाळाची, तिथे सोवळ्यातल्या माणसाने जायचं नाही. आई उंबऱ्याबाहेर उभी राहून रडत होती, पण आत गेली नाही. मीही गेलो नाही. तिच्याजवळ पाटलीणबाई बसली. बायको तापाने सारखी पाणी मागत होती, आणि पाटलीणबाई आपल्या वावरातलं पाणी तिला पाजत होती. विटाळात सगळं चालतं. दाराआडून मला तिचा आवाज ऐकू आला. "हे तुमच्या गाडीवरचं?"

"हो, माय. पे तू."

"गोड आहे," ती म्हणाली. मग आणखी मागितलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

दिवस झाले, तेरावं उरकलं, चार घरच्या बायका आपापल्या घरी गेल्या. आता घरात पाणी आणायला कुणी नव्हतं. आईचे गुडघे दरड चढण्याजोगे नव्हते. मी पुन्हा कावड घेतली नाही. का घेतली नाही याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतोय, आणि जे सापडतं ते लिहायची लाज वाटते. तीन दिवस आम्ही विहिरीचं खारट पाणी प्यालो. चौथ्या दिवशी आईचं पोट बिघडलं. गाडीवरचं पाणी चालेल का, हे विचारायला तिने मला गावातल्या शास्त्रीबुवांकडे पाठवलं.

शास्त्रीबुवा भले गृहस्थ होते. पानाला चुना लावता लावता म्हणाले, "घरात बाईमाणूस नाही, आई थकलेली. हा आपद्धर्म झाला. तांब्याच्या घागरीत घ्या, वर तुळशीचं पान टाका. दोष नाही." पान दुमडून तोंडात टाकायच्या आत त्यांचं बोलून झालं होतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती उठली, आमच्या तांब्याच्या दोन घागरी घासून दारात नेऊन ठेवल्या, आणि सकाळी गाडी आली तेव्हा स्वतः म्हणाली, "पाटलीणबाई, दोन घागरी आमच्या इथे ओता."

पाटलीणबाईने बैल थांबवले. घागरी काठोकाठ भरल्या. आईने तुळशीचं पान टाकायला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "आता कावून चालते, मायबाई?"

आईने पान पाण्यात सोडलं. मग पाटलीणबाईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून दोन्ही घागरी उचलल्या आणि आत नेल्या. दारापासून चुलीपर्यंत पंधरा पावलं असतील. तेवढं पाणी मी वाहिलं.