पाठीवरची चेन

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी श्वास रोखून मासे मारायला शिकलो. नेरुळला आमच्याच सोसायटीत, दोन मजले खाली राहणाऱ्या मित्राचा हा नाद. तो न्हावा शेव्याच्या बंदरात पाणबुड्या आहे. जहाजांच्या तळाला चिकटलेलं सगळं खरवडून काढायचं, हे त्याचं रोजचं काम. तिथं तो नळीतून हवा घेतो. सुट्टीत मात्र छातीत मावेल तेवढ्या हवेवर बुडी मारायची आणि भाल्याच्या बंदुकीनं मासा टिपायचा, ही त्याची मजा. मी त्याच बंदरात कस्टम्सची कागदपत्रं करतो. दिवसभर खुर्चीत बसून पोट सुटलेलं, म्हणून त्यानं मला ओढून नेलं.

आपल्या खाडीत पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. त्यामुळे सराव स्विमिंग पूलमध्ये आणि मासेमारी थंडीत देवगडकडे, पाणी निवळलं की.

अंगात रबरी सूट घातला की माणूस बुचासारखा वर तरंगतो. खाली जायला शिसं बांधावं लागतं. सगळे ते कंबरपट्ट्याला लावतात. माझ्या मणक्यातली गादी सरकलेली, पाच किलोंचा पट्टा बांधला की दुसऱ्या दिवशी बुटाची लेस बांधायला वाकता येत नसे. मित्र म्हणाला, "तुला जाकीट लागेल. वजन पाठभर वाटलं जातं."

ऑनलाइन मागवलेलं पहिलं जाकीट खांद्यांवर बसेना, बुडी मारली की सरकून हनुवटीला लागे. दुसरं छातीवर इतकं घट्ट की पोटभर श्वासच घेता येईना, आणि या खेळात सगळं त्या एका श्वासावर असतं. दोन्ही परत केली. मग मित्र मला सारसोळ्यातल्या एका मावशींकडे घेऊन गेला. बोटींची ताडपत्री, जाळ्यांच्या पिशव्या असलं जाड काम त्या शिवत. मित्राच्या ओळखीच्या दहा-बारा पाणबुड्यांचे पट्टे आणि पिशव्याही त्यांच्याच हातच्या.

मावशींनी माप घेतलं तेव्हा मला लांब श्वास घ्यायला लावला, आणि फुगलेल्या छातीवर टेप धरली. "रिकाम्या छातीचं माप घेऊन काय उपयोग?" म्हणाल्या. शिशाच्या चपट्या चकत्या मित्रानं ओतून आणल्या होत्या. त्यांच्यासाठी पाठीवर, खांद्यांच्या मधे आणि खाली, कप्पे केले. जाकीट वर सरकू नये म्हणून मांड्यांमधून एक पट्टी. पुढे, बेंबीच्या जरा वर, एक मोठं बकल. उजव्या हाताच्या एका झटक्यात सुटायचं.

मी ते घालून मावशींच्या घरातल्या आरशात पाहिलं. इतकं आरामशीर काही मी आजवर अंगावर घातलं नव्हतं. पण ते बकल माझ्या पोटावर बरोब्बर असं बसलं होतं की पोट वर आणि खाली दोन भागांत फुगून आलं होतं. देवगडच्या गेल्या खेपेचा, सूट घातलेला माझा एक फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला होता, आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, "कितवा महिना?" सगळे हसले होते. मीही हसण्याचे चार चेहरे टाकले होते.

दोन दिवसांनी मी एकटाच मावशींकडे गेलो. बकल काढा, पुढचं शिवून टाका, पाठीला चेन लावा, सूटला असते तशी, तिला लांब दोरी लावा, असं सांगितलं.

"पान्यात दोरी हाताला लागंल का?" त्यांनी विचारलं.

"लागेल. सूटची लागते ना."

"सूट काढायची घाई नसते तुमाला. ह्याची आसंल. नका करू असं."

मी म्हणालो, मित्राला विचारलंय. विचारलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि उसवायला घेतलं.

देवगडला होडीत मित्रानं ते पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "बकल कुठंय?"

"मावशींनीच बदललं," मी म्हणालो. "म्हणाल्या, हे जास्त सोपं. पूलमध्ये दहा वेळा काढून बघितलंय मी."

पूलमध्ये मी ते एकदाच काढलं होतं, कंबरभर पाण्यात उभं राहून, आणि तेही शेजारच्यानं दोरी हातात दिल्यावर. मित्रानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

एकानं खाली जायचं, दुसऱ्यानं वरून लक्ष ठेवायचं, असा आमचा नियम. तिसऱ्या बुडीला खडकाच्या कपारीत एक गोबरा मासा दिसला. मी त्याच्या मागे वाजवीपेक्षा खोल गेलो, नेम चुकला, आणि वर यायला पाय मारले तर मी वर येतच नव्हतो. खोलात रबर दाबलं जातं, तरंगणं कमी होतं, अंगावरचं वजन वजनच राहतं. हे मला शिकवलेलं होतं. हात पोटाकडे गेला. तिथं काही नव्हतं. मग पाठीमागे दोरी शोधली, ती जाकीट आणि सूट यांच्यामधे अडकून बसली होती. छाती आतून धडका द्यायला लागली.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मित्र सरळ खाली आला, खांद्यांच्या आणि मांड्यांमधल्या पट्ट्या सुरीनं कापल्या आणि मला दंडाला धरून वर नेलं. जाकीट तळाशी गेलं. होडीत मी ओकत होतो आणि तो डावा कान दाबून बसला होता. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. खाली येताना कानातला दाब सोडायला थांबायचं असतं. तो थांबला नव्हता.

"चेन का नाही उघडली?" त्यानं विचारलं.

"शिलाई," मी म्हणालो. "दोरा अडकला असेल चेनमधे. मावशींनी नीट शिवलं नाही."

विचार करून बोललो असं नाही. पण नंतर विचार करायला भरपूर वेळ होता, आणि तरी मी ते मागे घेतलं नाही.

कानाचा पडदा फाटला होता. पाणबुड्याचं फिटनेस सर्टिफिकेट गेलं. कंपनीनं त्याला होडीवर, दुसऱ्यांच्या नळ्या सांभाळायला बसवलं. अपघातानंतर चौथ्या दिवशी कानात कापूस घालून तो सारसोळ्याला निघाला आणि म्हणाला, तूही चल. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

तो दारातच उभा राहून बोलला. "मावशी, बकल काढून चेन तुम्ही लावलीत?"

"मीच लावली."

"माणूस मेला असता."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनच्या पायडलकडे बघत होतो. त्या काय बोलतील याची मी वाट पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मी फक्त माझाच विचार करत होतो.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "मी तसं शिवाया नको होतं."

त्या शब्दशः खरं बोलल्या होत्या. मित्रानं ऐकलं ते वेगळं, आणि मी ते तसंच राहू दिलं. त्याच संध्याकाळी त्यानं पाणबुड्यांच्या ग्रुपवर लिहिलं की तिथं काही शिवायला टाकू नका. त्यानं मलाही त्या ग्रुपवर घेतलेलं होतं, मी त्याखाली अंगठा टाकला. तो मी का टाकला, हे आजही मला सांगता येत नाही.

पुढचे आठ महिने मी सारसोळ्याच्या रस्त्यानं गेलो नाही. मार्केटला जायला लांबचा वळसा घ्यायचो. मित्र लिफ्टमध्ये भेटला की उजवा कान माझ्याकडे करायचा, आणि मला वाटायचं लिफ्ट बंद पडावी आणि मी सांगून टाकावं. शेवटी सांगितलं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तो गाडी पुसत होता. फोटोचं सांगितलं, पोटाचं सांगितलं, पूलचं सांगितलं. ऐकताना त्याचा फडका थांबला होता.

"फोटोसाठी?" तो म्हणाला.

"हो."

त्यानं फडका बादलीत पिळला. मग म्हणाला, "मावशींना सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलास आधी?" आणि तो पुन्हा काच पुसायला लागला.

मावशी मशीनवरच होत्या. मी उभ्याउभ्या माफी मागितली. वाक्यं पाठ करून नेली होती, निम्मी विसरलो.

"मना ठाव नव्हतं व्हय?" त्या म्हणाल्या. "मीच शिवलेलं. मना ठाव नसंल तर कोनाला?"

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले." दोरा तोडून त्यांनी मशीन बंद केलं. "माझ्याकडं येऊन काय झालं? त्या लोकांना सांगा. हितंच, माझ्यासमोर."

मी फोन काढला आणि त्या खोलीत, त्या ऐकत असताना, ग्रुपसाठी बोलून रेकॉर्ड केलं. दीड मिनिटाचा आवाज होता. पाठवायच्या आधी त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मधे एका ठिकाणी मी "आमच्यात जरा गैरसमज झाला" म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "ह्ये काढा." मी सगळं पहिल्यापासून पुन्हा बोललो, ते वाक्य न घेता.

ग्रुपवर दोघांनी मला शिव्या दिल्या. पाच-सहा जण परत मावशींकडे काम टाकायला लागले. उरलेले तोवर दुसरीकडे वळले होते, ते आले नाहीत. त्यांची गैरसोय झाली नव्हती, नुकसान फक्त मावशींचं झालं होतं. मी काम घेऊन गेलो तर त्या घेतात. पण माप घेताना आता गप्पा मारत नाहीत.

मित्र अजून होडीवरच आहे. आम्ही बोलतो, चहाही पितो. मध्यंतरी मी विचारलं, थंडीत देवगडला जायचं का. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. ऐकलं नसेल असं वाटून मी पुन्हा विचारलं.

"ऐकलं मी," तो म्हणाला.