चिंचेने घासलेलं कडं

“चिंच? चांदीला चिंच लावलीत?” म्हातारा असा ओरडला की आमच्या अमेरिकेतल्या नोव्हाय गावचे कावळे थेट शेजारच्या ॲन आर्बर शहरात जाऊन बसले. आमच्या हिने झुनी आदिवासी कारागिरांनी घडवलेलं जुनं चांदीचं कडं दिवाळीच्या भांड्यांबरोबर घासलं होतं. त्यावर पिरोजा-पोवळ्याचे तुकडे जडवून केलेला पक्षी होता; त्याच्या पंखातला एक खडा निखळला.

बाजारातल्या त्या दागिने दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो गिऱ्हाइकांशी ओरडून बोले आणि खड्यांशी अदबीने. आलेलं कडं आधी स्वतःच्या मनगटात चढवून डोळे मिटून बसे, जणू नाडी बघतोय. त्याने नवा निळाशार पिरोजा बसवला आणि बजावलं, “अंगाचा घाम पिऊन पिऊन हा हिरवा होतो.”

आम्ही धसक्याने कडं कपाटात कुलूपबंद केलं. किल्ली माझ्या गळ्यात, झोपतानासुद्धा. पुढच्या दिवाळीला उघडलं, तर नवा खडा शेवाळासारखा हिरवा! ही म्हणाली, “अहो, त्यांना विचारून या, नाहीतर हे घरात नको.”

“शप्पथ सांगतो,” मी त्याच्यापुढे ओरडलो, “वर्षभर कोणीच घातलं नाही!”

त्याने कडं मनगटात चढवलं, डोळे मिटले.

“घातलंय,” तो म्हणाला. “रोज.”